जुन्या खोदयंत्राच्या अनोळखी झडपा

उन्हाळ्यांत तलावांतला गाळ काढून तो हलक्या रानांत पसरावा, ही गोष्ट खानदेशांतील शेतकऱ्यांस आतां नव्यानें सांगावयास नको. शिरपूर तालुक्यांत श्री. सुरेश खानापूरकर या भूगर्भशास्त्रज्ञांनीं या शतकाच्या पहिल्या दशकांत नाले रुंद व खोल करून पाणी जिरविण्याचें जें काम उभें केलें, तें पाहावयास लांबलांबचे लोक येऊन गेले. पुढें सन २०१४ मध्यें सरकारची जलयुक्त शिवार योजना निघाली, आणि सन २०१७ मध्यें 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आली. या सर्व कामांत कुदळ-पावड्याची जागा यंत्रांनीं घेतली, व पुढें मोठी बकेट आणि मागें खोदणारा हात असलेलें पिवळें यंत्र गांवोगांव दिसूं लागलें.

हें यंत्र कोणत्याहि कारखान्याचें असो, आपले लोक त्यास 'जेसीबी' असेंच म्हणतात. तें नांव जोसेफ सिरिल बॅम्फर्ड या इंग्रज गृहस्थाच्या नांवांतील आद्याक्षरांचें आहे. त्यानें सन १९४५ मध्यें एका लहानशा गॅरेजांत धंदा सुरू केला, तेव्हां त्याची पहिली वस्तु म्हणजे शेतीच्या कामाची, मागें उलटणारी गाडी होती. ट्रॅक्टरास पुढें बकेट व मागें खोदणारा हात जोडून त्यानें सन १९५३ मध्यें हें दुहेरी यंत्र बाजारांत आणिलें. हिंदुस्थानांत त्याच्या कंपनीनें सन १९७९ पासून हरियाणांतील बल्लभगड येथें कारखाना चालविला आहे. आपल्या शेजारीं इंदूरजवळ पीथमपूर येथेंहि अशा जातीचीं यंत्रें झालीं. सारांश, हें यंत्र शेतकऱ्याच्या गरजेंतूनच वाढलेलें आहे, व शेतकऱ्यानें त्याची ओळख करून घेण्यांत कांहींच वावगें नाहीं.

नवें यंत्र घेणें एकट्यादुकट्या शेतकऱ्याच्या आवांक्यांतलें नसतें. म्हणून जुनें यंत्र पाहिलें जातें. परंतु जुन्या यंत्राबरोबर त्याचें माहितीपुस्तक क्वचितच येतें. शिवाय दोनतीन धन्यांच्या हातून फिरतांना कोणी त्यास खडक फोडणारा हातोडा जोडलेला असतो, कोणी तो काढून घेतलेला असतो, कोणी एखादी नळी बुजवून टाकिलेली असते. मग अमुक लिव्हर कशाचा व तमुक झडप कशासाठीं, हें कोणासच सांगतां येत नाहीं. आमच्यावर असा प्रसंग आला, त्यांतून जें शिकावयास मिळालें तें वाचकांपुढें ठेवीत आहे.

झालेली हकीकत

आमच्या गांवच्या कांहीं खातेदारांनीं मिळून मागल्या हिंवाळ्यांत एक जुनें खोदयंत्र विकत घेतलें. बेत असा होता कीं, आखाजीचा सण झाल्याबरोबर गांवच्या पाझर तलावांत यंत्र उतरवावें व मृग लागण्यापूर्वीं सर्वांच्या बरड रानांवर गाळ टाकून घ्यावा. यंत्र घेतांना तें पांच-दहा मिनिटें चालवून पाहिलें होतें, व तेवढ्या वेळांत त्यानें काम चोख केलें होतें.

तलावांत उतरविल्यावर मात्र अर्धा तास होतो न होतो तोंच त्याचें बळ खचूं लागे. बकेट भरलेली असतां हात वर जाईना. तेलाची टाकी एवढी तापे कीं, तिच्यावर तळहात ठेववेना. मागचे आधाराचे दोन पाय जमिनीस टेकविले असतां त्यांतला डावा पाय हळूहळू वर सरे, व यंत्र एका अंगास कलूं लागे. ज्या मिस्तरीस बोलाविलें त्यानें यंत्राभोंवतीं एक फेरी मारून निकाल दिला: "आबा, हाऊ पंप गया, नवा टाकना पडी." नव्या पंपाची किंमत ऐकून मंडळींचीं तोंडें उतरलीं. कांहीं जण तर यंत्र होतें त्या स्थितींत विकून मोकळें व्हावें, असेंहि म्हणूं लागले.

त्याच दिवशीं आणखी एक गोष्ट घडली. मोठा हात वर उचललेला असतांनाच एका पोरानें त्याची एक नळी ढिली केली. पहिल्या आट्यास तेल पाझरलें, दुसऱ्यास त्याची चिळकांडी उडाली, आणि हात बकेटीसकट धाडकन् खालीं आला. तो पोरगा एका पावलाच्या अंतरानें वांचला. त्या क्षणीं आम्हीं ठरविलें कीं, यंत्रांतलें तेल कोठून कोठें जातें हें पुरतें समजल्यावांचून यापुढें एकहि पाना लावावयाचा नाहीं.

दाबाचें तत्त्व

कोंडलेल्या प्रवाही पदार्थावर एके ठिकाणीं दाब दिला असतां तो सर्व दिशांस सारखा पोंचतो, हा नियम पास्काल या फ्रेंच शास्त्रज्ञानें सतराव्या शतकांत सांगितला. त्यावरून जोसेफ ब्रामा यानें सन १७९५ मध्यें इंग्लंडांत पाण्याच्या दाबावर चालणारा दाबयंत्राचा पेटंट घेतला. कापसाच्या गठाणी बांधणारे प्रेस जळगांव-धुळ्याकडील वाचकांनीं पाहिलेलेच आहेत. फुगलेला कापूस लाकडासारखा कठीण करणारा प्रेसमधील दट्टा आणि खोदयंत्राचा हात उचलणारा दट्टा, या दोहोंचें तत्त्व एकच.

बळ किती येतें तें पाहावें. १० सेंटिमीटर व्यासाच्या दट्ट्याचें तोंड सुमारें ७८ चौरस सेंटिमीटर भरतें. तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरास २०० किलो असला, तर त्या दट्ट्यावर सुमारें १५,६०० किलो, म्हणजे साडेपंधरा टनांहून अधिक, जोर येतो. एवढा जोर मनगटाएवढ्या नळींतून जातो, हें नेहमीं ध्यानांत असावें.

येथें एक समजूत दुरुस्त करणें जरूर आहे. पंप दाब निर्माण करीत नाहीं. तो फक्त तेल ढकलतो. ढकललेल्या तेलास वाट मोकळी असेल तर दाब जवळजवळ नसतोच. वाट अडली कीं दाब चढतो. हें ज्यास नीट उमगलें, त्यास यंत्रांतले पुष्कळ दोष घरबसल्या ओळखतां येतील.

फडाच्या पाटाचा दाखला

सर्व नळ्यांचें जाळें पाहून प्रथम आम्ही गांगरून गेलों. परंतु आमच्या मंडळींत साक्री तालुक्यांतील पांझरेच्या काठचे एक वृद्ध पाहुणे होते. त्यांच्या घराण्याचें सारें आयुष्य फडबागायतींत गेलेलें. त्यांनीं सर्व ऐकून घेतलें व म्हणाले, "हा तर आपला फडच आहे." त्यांचें बोलणें इतकें नेमकें होतें कीं, पुढचा सर्व शोध आम्हीं त्याच धोरणानें केला.

फडांत बंधाऱ्यावरून कालवा निघतो, कालव्यापासून चाऱ्या, चाऱ्यांपासून सारंग, आणि जास्त झालेलें पाणी नदींत परत सोडण्यास सांडम. पाटकरी दारें उघडतो व लावतो. यंत्रांत तेलाची टाकी ही नदी होय. पंपापासून निघणारी जाड पोलादी नळी हा कालवा. लिव्हरांच्या खालीं जी ओळीनें बसविलेली ओतीव झडपांची पेटी असते, तींत प्रत्येक लिव्हरास एक याप्रमाणें दारें असतात. दार म्हणजे खांचा पाडलेली गोल पोलादी कांडी. मिस्तरी तिला 'स्पूल' म्हणतात. लिव्हर ओढला कीं कांडी सरकते, व कालव्यांतलें तेल त्या चारींत वळतें. लिव्हर सोडला कीं स्प्रिंग कांडीला मध्यावर आणते.

आतां मुख्य मर्म असें. या जातीच्या पुष्कळ जुन्या यंत्रांत सर्व लिव्हर मध्यावर असतांना कालवा बंद नसतो, उघडा असतो. पंपानें ढकललेलें तेल पुढच्या बकेटीच्या पेटींतून मागच्या हाताच्या पेटींत, व तेथून टाकींत, असें विनासायास वाहत राहतें. दार उघडून पाणी घेतलें नाहीं तर पाट जसा नदीस परत मिळतो, तसेंच हें. म्हणून यंत्र नुसतें उभें असतां इंजिनावर भार पडावयास नको, व तेल तापावयास नको.

निरनिराळ्या झडपा व त्यांच्या खुणा

पेटीवर व तिच्या आसपास ज्या लहानमोठ्या झडपा बसविलेल्या असतात, त्यांचे प्रकार फार नाहींत. ते येणेंप्रमाणें:

१. मुख्य सांडम-झडप. कालव्यांतला दाब ठराविक मर्यादेबाहेर गेला कीं ही उघडते व तेल टाकींत सोडते. ही बहुधा पंपाकडून तेल येतें त्या तोंडाजवळ असते. तिच्या टोंकास फिरविण्याचा स्क्रू व त्यावर आवळून बसविलेली चकती-नट असते. दाबमापक लाविल्यावांचून हा स्क्रू कोणीहि फिरवूं नये. 'थोडा आंवळला कीं जोर वाढेल' या मोहानें पुष्कळांनीं नळ्या फोडून घेतल्या आहेत.

२. चारीच्या सांडम-झडपा. हात मध्यावर रोखलेला असतां खडकाचा किंवा भाराचा धक्का बसला, तर त्या एका सिलिंडरांत कोंडलेला दाब या सोडून देतात. यांतील कांहीं झडपा उलट वेळीं टाकींतलें तेल आंत घेऊन सिलिंडरांत पोकळी होऊं देत नाहींत. या बाहेरून अगदीं एकसारख्या दिसल्या तरी त्यांचे दाब वेगवेगळे लाविलेले असतात. एका जागची काढून दुसऱ्या जागीं बसवूं नये.

३. उलट-रोधक झडप. लिव्हर ओढल्याच्या पहिल्या क्षणीं भारानें तेल मागें ढकललें जाऊं नये म्हणून प्रत्येक दारापाशीं एक गोटी किंवा लहान शंकू स्प्रिंगनें दाबून ठेवलेला असतो. वरून नुसतें साधें षट्कोनी टोपण दिसतें. लिव्हर वर उचलण्याकडे ओढतांच हात आधीं किंचित् खालीं बसून मग वर जात असेल, तर या गोटीखालीं कचरा अडकला आहे, किंवा तिची स्प्रिंग तुटली आहे, असें समजावें.

४. पायांची कुलूप-झडप. मागच्या आधाराच्या पायांचे सिलिंडर टेकविल्यावर सरकूं नयेत म्हणून त्यांचें तेल तेथेंच कुलूपबंद करणारी झडप असते. लिव्हर ओढला कीं दुसऱ्या बाजूच्या तेलाच्या दाबानेंच हें कुलूप उघडतें.

५. चौकट आवळणारी झडप. कांहीं यंत्रांत मागचा हात एका आडव्या चौकटीवर डावी-उजवीकडे सरकवितां येतो, व इच्छित जागीं लहान दट्ट्यांनीं आवळून धरिला जातो. त्याची झडप लहान असून ती एकीकडे बसविलेली असल्यामुळें नवख्यास ती निरर्थक वाटते. तिच्याकडे दुर्लक्ष झालें तर खोदतांना सगळा हातच चौकटीवर सरकूं लागतो.

६. मागाहून जोडलेली झडप. खडक फोडणाऱ्या हातोड्यासाठीं वा दुसऱ्या एखाद्या अवजारासाठीं आधींच्या धन्यानें बसविलेली ही झडप मूळच्या आराखड्यांत नसते. रंग निराळा, जोड निराळे, नळ्या ओबडधोबड वळविलेल्या, यांवरून ती ओळखूं येते. घोळ बहुधा येथेंच असतो.

ओतीव पेटीवर पुष्कळदां रोमन अक्षरें उठविलेली असतात. त्यांत 'पी' म्हणजे पंपाकडून येणारें तोंड, 'टी' म्हणजे टाकीकडे जाणारें, आणि 'ए' व 'बी' म्हणजे एका सिलिंडराचीं दोन तोंडें. मातीचा थर खरडून, रॉकेलच्या फडक्यानें पुसल्यावर हीं अक्षरें आम्हांस स्पष्ट दिसलीं. पुसण्याचें हें काम हलकें समजूं नये. पहिल्या दिवशीं आम्हीं याखेरीज दुसरें कांहींच केलें नाहीं.

शोध कसा केला

यंत्र सपाट जागेवर उभें करून बकेट, हात व पाय सर्व जमिनीस टेकविले. इंजिन बंद करून किल्ली काढून घेतली. मग पंपापासून आरंभ करून प्रत्येक नळीच्या दोन्ही टोंकांवर खडूनें एकच आंकडा घातला. गांवांतील एक तरुण, ज्याचें शिक्षण यंत्रशाळेंत झालेलें होतें, त्यानें गोदामाच्या भिंतीवर त्याच आंकड्यांनीं सबंध नकाशा काढला. जेथें नळी दिसेनाशी झाली तेथें अंदाज न करतां झांकण काढून डोळ्यांनीं पाहिलें. ज्या झडपेचा उपयोग कळला नाहीं तिच्यापुढें प्रश्नचिन्ह ठेविलें. असे तीन प्रश्न उरले.

दुसरे दिवशीं इंजिन मंद गतीनें सुरू करून एकेक लिव्हर बोटभर ओढून पाहिला, व कोणता भाग हलतो तें लिहून ठेविलें. निरनिराळ्या कारखान्यांत लिव्हरांची मांडणी सारखी नसते. एका यंत्रावर हात सरावलेला मनुष्य दुसऱ्यावर नेमका उलट लिव्हर ओढतो. सबब या चाचणीच्या वेळीं यंत्राच्या आवांक्यांत कोणीहि माणूस उभा राहूं दिला नाहीं. यांत एका प्रश्नाचा उलगडा झाला: सीटमागची लहान झडप चौकट आवळणाऱ्या दट्ट्यांची निघाली.

मग मुख्य दोषाकडे वळलों. सर्व लिव्हर मध्यावर असतांहि इंजिन कुंथत होतें, ही गोष्ट आतां आम्हांस खटकली. पाट मोकळा वाहत असेल तर इंजिनानें कुंथावें कां? पुढच्या पेटीजवळ कान दिला तों आंतून एकसारखा शीळ घातल्यासारखा बारीक आवाज ऐकूं आला. तो मुख्य सांडम-झडपेचा होता. इंजिन बंद करून चाचणीच्या तोंडास दाबमापक बसविला व पुन्हां सुरू केलें. लिव्हर मध्यावर असतां कांटा १५-२० वर असावयाचा, तो २०० च्या आसपास उभा राहिला. म्हणजे पाट पुढें कोठेंतरी बंद होता, आणि सगळें पाणी सांडमावरून चाललें होतें.

मिस्तरीचा तर्क येथेंच चुकला होता. पंप झिजला असता तर दाब एवढा चढताच ना. थंड असतां यंत्र जोरानें काम करी व तापल्यावर खचे, याचें कारण पंपांत नव्हतें, उष्णतेंत होतें. त्याचा हिशोब असा: मंद गतीनें पंप मिनिटास ४० लिटर तेल देतो असें धरलें, व तें २०० च्या दाबानें सांडमावरून गेलें, तर सुमारें १३ किलोवॉट, म्हणजे १७-१८ अश्वशक्ति, एवढें इंजिनाचें बळ कांहींहि काम न करतां उष्णता होऊन तेलांत मुरतें. शंभर लिटर तेल तेवढ्यानें मिनिटास सुमारें ५ अंश तापावें. कांहीं उष्णता हवेंत जाते म्हणून तितकें तापत नाहीं इतकेंच. त्यांत वैशाखांतली आपल्या जळगांव-भुसावळकडची हवा. तापलेलें तेल पाण्यासारखें पातळ होतें, कांडीच्या व दट्ट्याच्या बाजूनें निसटूं लागतें, आणि हात वर जाईनासा होतो.

आतां पाट बंद कोठें, हा प्रश्न. नकाशावर बोट ठेवून पुढें गेलों. पुढची पेटी ठीक, मागची पेटी ठीक. तिच्या शेवटच्या तोंडांतून निघणारी नळी टाकीकडे जाण्याऐवजीं आधीं एका निराळ्या रंगाच्या लहान झडपेंत शिरत होती. तिचा लिव्हर तारेनें बांधून ठेविला होता. ही हातोड्याची झडप. हातोडा केव्हांच गेला होता, झडप राहिली होती. ती काढून पाहिली तों तिच्या शेवटच्या तोंडांत, मधली वाट अजीबात बंद करणारें बूच बसविलेलें होतें. या झडपांस दोन तऱ्हेचीं बुचें मिळतात: एकानें मध्यावर असतां वाट मोकळी राहते, दुसऱ्यानें बंद होते. दुसऱ्या तऱ्हेचें बूच निराळ्या पद्धतीच्या पंपासाठीं असतें; आमच्यासारख्या यंत्रांत तें बसविणें म्हणजे फडाच्या कालव्याच्या शेपटास भिंत घालणें होय.

ती झडप आम्हांस नकोच होती. धुळ्यास आग्रा रस्त्यावरच्या एका दुकानांतून तितक्याच व्यासाचा व तितका दाब सोसणारा जोड आणून मागच्या पेटीची नळी सरळ टाकीच्या गाळणीकडे नेली. इंजिन सुरू केलें. कांटा १५ वर आला, आणि इंजिनाचें कुंथणें थांबलें. मग बकेट पुरती वर उचलून दट्टा टोंकास नेला व लिव्हर क्षणभर तसाच धरून पाहिला, तों दाब पुनः २०० पर्यंत चढला. पंप शाबूत होता. नव्या पंपाचा खर्च एका जोडावर निभावला.

तिसरा प्रश्न पायांचा. डाव्या पायाचा दोष कुलूप-झडपेंत आहे कीं सिलिंडराच्या सीलांत, हें कसें ओळखावें? दोन्ही पायांच्या झडपा एकाच दाबाच्या व एकाच कामाच्या असल्यामुळें त्या आपसांत बदलून पाहिल्या. आतां उजवा पाय सरकूं लागला. म्हणजे दोष झडपेंत. ती खोलली तों तिच्या बैठकीवर वाळूचा एक कण रुतलेला सांपडला. स्वच्छ डिझेलनें धुऊन, नवी रबरी कडी घालून बसविल्यावर पाय जागचा हलला नाहीं.

स्वच्छता

एका कणानें एवढा गोंधळ कां व्हावा, असें वाचकांस वाटेल. कांडी आणि तिचें भोंक यांमधील फट केसाच्या जाडीच्या सुमारें दहाव्या हिश्शाएवढी असते. आपल्याकडची उन्हाळ्यांतली धूळ तिला पुरेशी आहे. म्हणून झडप उघड्या रानांत खोलूं नये. नळी सोडतांच दोन्ही तोंडें स्वच्छ टोपणांनीं झांकावीं; चिंधीचा बोळा कोंबूं नये, कारण तिचे धागे आंत जातात. तेलाची गाळणी वेळेवर बदलावी. तेल कोणत्या अंकाचें घालावें हें यंत्र बनविणाराच्या सूचनेप्रमाणें ठरवावें. दोन जातींचीं तेलें मिसळूं नयेत. टाकीच्या टोपणांतली हवा घेण्याची जाळी तुटली असेल तर ती आधीं बदलावी, कारण दर उचलीस टाकी हवा घेते, व हवेबरोबर धूळ घेते.

जिवाची काळजी

आतां जें सांगावयाचें तें सर्वांत महत्त्वाचें आहे.

पहिली गोष्ट, उचललेल्या हाताखालीं किंवा बकेटीखालीं कोणीहि जाऊं नये. काम करावयाचेंच असेल तर ती जमिनीस टेकवावी, अथवा यंत्राबरोबर आलेला पोलादी आधार लावून मगच हात घालावा. वीट, दगड किंवा लांकडाचा ओंडका हा आधार नव्हे.

दुसरी गोष्ट, इंजिन बंद केलें म्हणजे दाब गेला असें नाहीं. सर्व लिव्हर दोन्ही बाजूंस तीनचार वेळां हलवावे. इतकें करूनहि पायांच्या कुलूप-झडपेमागें तेल कोंडलेलें राहतेंच; तो जोड अगदीं थोडा थोडा, तोंड बाजूस ठेवून, चष्मा लावून ढिला करावा.

तिसरी गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. नळीस सुईच्या अग्राएवढें भोंक पडलें असतां त्यांतून निघणारें तेल धुक्यासारखें दिसतें, पण तें कातडी भेदून आंत शिरतें. गळती हातानें चांचपूं नये. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून पाहावी. असें तेल अंगांत शिरलें तर जखम टांचणी टोंचल्यासारखी दिसते, फारशी दुखतहि नाहीं; म्हणून माणूस ती दुर्लक्षितो. तसें कदापि करूं नये. त्याच तासास शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यांत जावें व दाबाखालचें तेल शिरलें आहे असें स्पष्ट सांगावें. उशीर झाल्यानें बोट किंवा हात गमवावा लागतो.

शेवट

या सर्व उपद्व्यापांत आमचे बारा दिवस गेले. रोहिण्या निघून मृगाचा पहिला पाऊस आला त्या दिवशीं दोन खातेदारांचीं रानें गाळावांचून राहिलीं होतीं. तीं पुढच्या उन्हाळ्यांत प्रथम भरावयाचीं, असें ठरलें आहे. यंत्र घेतांनाच तें अर्धा तास चालवून, तापवून, सर्व लिव्हर मध्यावर ठेवून इंजिनाचा आवाज ऐकला असता, तर हे बारा दिवस वांचते. जुनें यंत्र पाहावयास जाणाऱ्यांनीं एवढें तरी अवश्य करावें.

भिंतीवरचा नकाशा त्या तरुणानें आतां पत्र्यावर रंगानें काढून दिला आहे. त्यावर प्रत्येक नळीचा आंकडा, प्रत्येक झडपेचें मराठी नांव, दाबाचे आंकडे, आणि कोणती वस्तु कोणत्या तारखेस बदलली याची नोंद आहे. शेत घेतांना आपण सातबारा पाहिल्यावांचून पैसे मोजीत नाहीं. यंत्राचाहि असा एक उतारा असावा, व तें विकावयाचें झालें तर तो नव्या धन्याच्या हातीं द्यावा. ज्यानें आमच्या यंत्रांत तें बूच बसविलें त्यानें एवढी एक ओळ लिहून ठेविली असती, तर पंप गेला असें म्हणण्याची पाळी मिस्तरीवरहि आली नसती.